सर्व्हरवरच्या एडिटरला जीटीके का लागतं?

तुम्ही विचारलंय की स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर ईमॅक्स हा एडिटर 'एनडब्ल्यू' (खिडकी न उघडण्याचा पर्याय) लावून टर्मिनलमध्येच चालवायचा असेल, तर जीटीके, म्हणजे खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी, वगळून त्याचं वेगळं पॅकेज बांधायचा खटाटोप कशाला?

'एनडब्ल्यू' फक्त प्रोग्रॅम सुरू करताना कामाला येतं. जीटीके घ्यायचं की नाही हे त्याच्या कितीतरी आधी, कम्पाइल करतानाच ठरून गेलेलं असतं. बायनरी एकदा जीटीकेशी लिंक झाली की ती लायब्ररी मशीनवर नसेल तर लोडर (प्रोग्रॅम मेमरीत चढवणारा भाग) ती बायनरी सुरूच होऊ देत नाही, मग खिडकी उघडायची असो वा नसो. डेबियन या लिनक्स प्रणालीत 'डीपीकेजी-शलिबडेप्स' हे साधन याच लिंक वाचून पॅकेजची डिपेंडन्सी, म्हणजे सोबत लागणाऱ्या पॅकेजांची यादी, भरतं. ही यादी असलेल्या कंट्रोल फाइलमधून जीटीके हातानं खोडलंत, तर पॅकेज इन्स्टॉल होईल पण एडिटर उघडणार नाही. म्हणून सोर्स एकच ठेवायचा आणि बिल्ड दोन करायचे, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. लिस्प भाषेतल्या फाइली, मदतीची पानं वगैरे सामाईक ऐवज एका 'कॉमन' पॅकेजमध्ये टाकायचा.

ईमॅक्सला कॉन्फिगर करताना 'विदाउट-एक्स' दिलं ('एक्स' म्हणजे लिनक्सवर खिडक्या दाखवणारी प्रणाली) की बरंचसं काम होतं. विम या दुसऱ्या एडिटरनं मात्र मला चांगलंच अडकवलं होतं. मी 'एनेबल-जीयूआय' ला 'नो' दिलं, बिल्ड झाला, लिंक झालेल्या लायब्ररी दाखवणारी एलडीडी ही आज्ञा लावून पाहतो तर 'लिबएक्स११' ही एक्सची लायब्ररी तिथंच! क्लिपबोर्ड आणि खिडकीचं शीर्षक यांसाठी विम ग्राफिकल इंटरफेस नसतानाही एक्सशी लिंक होतो. त्याला 'विदाउट-एक्स' वेगळं सांगावं लागतं. शिवाय बिल्ड स्वच्छ क्रूटमध्येच (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या फोल्डर-व्यवस्थेत) करा, कारण मशीनवर एखाद्या लायब्ररीच्या हेडर फाइली सापडल्या की कॉन्फिगर त्या आपणहून उचलतं.

नावांवर विसंबू नका. पॅकेजच्या नावातलं 'नॉक्स' म्हणजे 'एक्स नाही' एवढंच. डेबियनचा साधा 'विम' सुद्धा ग्राफिकल नाहीच. उलट 'विम-नॉक्स' मध्ये पर्ल, पायथन, रूबी, लुआ या भाषांचा आधार असल्यानं तोच जड आहे. ईमॅक्समध्येही नेटिव्ह कम्पायलेशन (लिस्प थेट मशीनच्या भाषेत बदलणं) चालू ठेवलंत तर एक्स नसतानासुद्धा त्यासाठीची 'लिबजीसीसीजेआयटी' ही लायब्ररी सोबत येते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. 'विम-टायनी' अगदी हलका असतो, पण त्यात 'इव्हॅल' (स्क्रिप्टमधली गणितं-चलं हाताळणारी सोय) नसल्यानं नेहमीच्या विमआरसी या सेटिंग्जच्या फाइलमधल्या 'लेट' च्या ओळीवर ई३१९ ही चूक येते. रात्री बंद पडलेली सेवा उभी करताना कुणाच्याही वाट्याला हे येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. माझ्या मते सर्व्हरसाठी एक्सशिवाय पण बाकी सगळ्या सोयी असलेला प्रकारच द्यावा. कंट्रोल फाइलच्या प्रोव्हाइड्स या रकान्यात 'एडिटर' हे नाव टाका आणि अल्टरनेटिव्ह्जमध्ये (एकाच कामाच्या अनेक प्रोग्रॅममधून निवड करणाऱ्या व्यवस्थेत) नोंद करा, म्हणजे तो इतर एडिटरांशेजारी गुण्यागोविंदानं राहतो.

पॅकेज तयार झालं की रिकाम्या कंटेनरमध्ये 'एपीटी-गेट इन्स्टॉल' ला 'सिम्युलेट' (प्रत्यक्ष काही न बसवता फक्त दाखवण्याचा पर्याय) लावून यादी वाचा. रेकमेंड्स (सक्तीची नसलेली, शिफारस केलेली पॅकेजं) धरून एकदा आणि वगळून एकदा. एक्स फक्त पहिल्या यादीत दिसलं तर दोष रेकमेंड्सचा. दोन्हींत दिसलं तर पुन्हा कॉन्फिगरचा लॉग उघडा.