धाप तिची, घाई तुमची

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी अकरावी सायन्सला, विभागीय पातळीवर व्हॉलीबॉल खेळते, चौथ्या सेटला धापा टाकते. म्हणून तुम्ही श्वासाच्या व्यायामाचं, श्वास ओढताना अडथळा देणारं नळीसारखं उपकरण मागवलंत आणि पहाटे 5 वाजता, सिडकोतल्या तुमच्या गच्चीवर, स्टॉपवॉच घेऊन तासभर तिच्यासमोर उभे राहता. यातून ती राज्य संघात आणि मग खेळाडू कोट्यातून नोकरीला लागेल ना, असं विचारलंय. दोन पानांत तिला काय हवंय याची एक ओळ नाही. 'रडली तरी सोडत नाही' हे मात्र कौतुकाने लिहिलंय. दादा, मला धापेपेक्षा या वाक्याची धास्ती वाटली.

आधी तिला डॉक्टरांकडे न्या. नाशिकच्या थंडीत धाप लागणं हा व्यायामाने उसळणारा दमा असू शकतो, हिमोग्लोबिनही कमी असू शकतं.

आता गैरसमज. या उपकरणाने फुफ्फुसं मोठी होत नाहीत. ताकद वाढते ती श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याची, आणि बरगड्यांमधल्या स्नायूंची. हे स्नायू फार दमले की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडतं आणि पाय लवकर जड होतात. ते थोडं लांबवता येतं, इतकंच. त्यासाठी नेहमीचा क्रम 30 श्वास, दिवसातून 2 वेळा, आपल्या कमाल जोराच्या निम्म्यावर, निदान 4 ते 6 आठवडे. 30 श्वासांना पाचेक मिनिटं लागतात. तुमचा तास कुठून आला? शिवाय व्हॉलीबॉलची रॅली बहुतेकदा काही सेकंदांत संपते. 2.24 मीटरच्या नेटवरून स्मॅश मारायला पाय, खांदा आणि टायमिंग लागतं. ते या नळीतून येत नाही.

सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण आधी पात्र स्पर्धेतली कामगिरी, मग प्रमाणपत्राची पडताळणी, मग भरती परीक्षा. त्या भरवशावर बसू नका.

खरं तर माझी नजर अडली ती तुम्ही जोडलेल्या नोंदवहीच्या पानावर. तुमच्या आकड्यांशेजारी, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय : 'ओढतानाच जोर का लागतो, सोडताना का नाही?' खाली बरगड्यांचं चित्र, श्वासपटलाला बाण. अक्षर तुमचं नाही. हे विचारणाऱ्या मुलीला फिजिओथेरपी आवडू शकेल. वाट 'नीट' या प्रवेश परीक्षेतून जाते, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर तुमच्या म्हसरूळलाच आहे. पण हा माझा अंदाज. आज संध्याकाळी चहा घेताना तिलाच विचारा, ते चित्र का काढलंस म्हणून.