‘मारानाथा’चा अर्थ ‘प्रभू आला’ की ‘प्रभू, ये’?

दोन्ही होऊ शकतात, पण माझं मत ‘आमच्या प्रभू, ये’ला. शब्द अरामी, म्हणजे येशूच्या बोलीभाषेतला आहे, तरी येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या ग्रीक पत्राच्या शेवटी (बायबल, १ करिंथ १६:२२) तो भाषांतर न करता तसाच येतो. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या मंडळीतही तो ‘आमेन’सारखा तोंडात बसलेला असणार.

घोळ अक्षरांचा आहे. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागाच सोडत नसत. ‘मारान अथा’ असं तोडलं तर ‘आमचा प्रभू आला आहे’, ‘माराना था’ तोडलं तर ‘आमच्या प्रभू, ये’. आपल्या ‘नवराजा’सारखंच: नव राजा, की नवरा, जा?

मग ‘ये’च का? बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २२:२० मध्ये, ग्रीकमध्ये सरळ विनवणी आहे, ‘ये, प्रभू येशू’. ‘दिदाखे’ या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेतही भोजनानंतरच्या प्रार्थनेच्या शेवटी हाच शब्द येतो, आणि त्यामागे लगेच ‘आमेन’.

‘मारान’मधला मूळ शब्द ‘मारे’ म्हणजे धनी, स्वामी. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या यहुदी अरामी लिखाणात तो देवासाठीही वापरलाय. तोच शब्द येशूला लावणं ही साधी गोष्ट नव्हती.