रोजच्या आयुष्यात शाईचं पेन वापरणारं दुसरं कुणी तुम्हाला भेटतं का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं शाईचं पेन वापरताय आणि ऑफिसात, बँकेत, प्रवासात कुठेच दुसरा माणूस दिसला नाही, तेव्हा "आपण शेवटचेच उरलोय का?"

नाही उरलात. तुम्हाला आम्ही दिसत नाही, एवढंच. आणि दिसत नाही त्यात चूक आमचीच आहे.

मी टपाल खात्यात 30 वर्षं काढली, त्यातली वीसेक काउंटरवर. कोल्हापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला. काचेच्या अलीकडे बसून लिहिणारे हात जेवढे मी पाहिलेत तेवढे शाळामास्तरांनीही पाहिले नसतील. पैसे काढायचा फॉर्म, पोचपावतीचं कार्ड, पाकिटावरचा पत्ता. या वीस वर्षांत शाईच्या पेनवाले मी मोजलेत. सात. दोन वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक होमिओपॅथीचे डॉक्टर, एक सावकारी करणारे गृहस्थ (पेन झकास, माणूस नाही), एक कॉलेजातला मुलगा आणि एक मुलगी, जिच्याबद्दल पुढे सांगतो.

पण हे सात म्हणजे मला कळलेले. न कळलेले किती असतील, याचा अंदाज मला त्या मुलीमुळे आला.

माझ्या वरच्या खिशात कायम दोन पेनं असतात. एक शाईचं आणि एक पाच रुपयांचं बॉलपेन. ते बॉलपेन माझं नाही, लोकांचं आहे. "साहेब, जरा पेन" म्हटलं की तेच पुढे होतं. काउंटरला सुतळीने बांधलेलं पेन असायचं, पण ते बहुतेक वेळा नुसती सुतळीच असायची. म्हणजे माझ्याकडून रोज तीस-चाळीस माणसांनी पेन मागून घेतलं असेल, आणि त्यातल्या एकालाही पत्ता लागला नाही की शेजारी शाईचं पेन आहे. उद्या यांतल्या कुणी तुमच्यासारखाच प्रश्न टाकला, तर तोही छातीठोकपणे लिहील, "एकही भेटला नाही."

2018 चा जुलै. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांचं तळं. रांगेत एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, हातात कसल्याशा अर्जाचं पाकीट, पुण्याला रजिस्टर एडी, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर, करायचं होतं. (रजिस्टर पोस्ट 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यावर माझं मत विचारू नका.) पाकिटावर पत्ता नव्हता. ती काउंटरच्या कडेलाच लिहायला लागली, आणि तिने टोपण ओढून नाही, फिरवून काढलं. आट्यांचं टोपण! मान आपोआप वळली. पेन आडवं धरलेलं, जोर अजिबात नाही, ओळ झाली की हात उचलून थांबायची. मधल्या बोटाच्या पेराला निळा डाग. शंकाच नको.

आता इथे माझी पंचाईत बघा. मी स्वतः शाईवाला, पण पोस्टातला शाईवाला. रॉयल ब्लू शाईने लिहिलेल्या पत्त्याचं पावसाळ्यात काय होतं ते मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. पोस्टमनच्या पिशवीत दोन थेंब शिरले की "सदाशिव पेठ" चा निळा ढग होतो, आणि मग आम्ही चौघे त्या ढगाकडे पाहत बसतो. म्हणून घरी शाईशिवाय न लिहिणारा मी, पाकिटावरचा पत्ता मात्र बॉलपेननेच लिहितो. तर मी खिशातलं पाच रुपयांचं पेन तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणालो, "बाळ, पावसाचे दिवस आहेत. पत्ता यानं लिही."

तिने त्या पेनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "राहू दे काका. तुम्हाला नाही कळायचं."

मला नाही कळायचं! पाचवीत असल्यापासून माझ्या खिशाला शाईचा डाग आहे. आमच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून शाईचं पेन. बॉलपेन दिसलं की गुरुजी ते खिडकीतून बाहेर फेकायचे, अक्षर बिघडतं म्हणून. कॅमलच्या दौतीत ड्रॉपर बुडवून पेन भरणं हे रविवारचं काम होतं. हे सगळं ओठांवर आलं, पण रांग होती. मी काहीच बोललो नाही. नुसतं खिशातून माझं शाईचं पेन काढलं, टोपण फिरवलं आणि निब तिच्याकडे करून धरलं.

तिनेही तिचं वर धरलं.

दोघं काचेच्या दोन बाजूंना, पोलीस ओळखपत्र दाखवतात तसे, पेनं धरून उभे. "कोणतं?" "वॉलिटी. तुझं?" तिने चिनी हीरोचं नाव सांगितलं. "बघू?" मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमचं बघू?" आणि दोघांपैकी एकानेही हात पुढे केला नाही. पाच-सात सेकंद तसेच गेले. मागून आरडीच्या एजंट बाई पासबुकांचा गठ्ठा सावरत ओरडल्या, "अहो, आज घरी जायचंय का नाही?"

तेवढ्यात रांगेतले एक आजोबा पुढे वाकून म्हणाले, "वाईच पेन हाय का कुणाकडं?"

आणि आम्ही दोघांनी, एकाच वेळी, दुसऱ्या हाताने, बॉलपेन पुढे केलं.

तिच्याकडेही होतं. लोकांसाठीचं. आजोबांनी दोन्हीकडे पाहिलं आणि तिचं घेतलं. ती हसली, मी हसलो. इन्शुअर्ड पार्सलला लाख लावायला ठेवलेली मेणबत्ती मी ड्रॉवरमधून काढली आणि तिच्या पाकिटावर पत्ता वाळल्यावर हलक्या हाताने घासून दिली. मेणाचा पातळ थर बसला की पाणी वरून ओघळून जातं. ही युक्ती जुन्या लोकांना सगळ्यांना माहीत असायची. आठ-दहा दिवसांनी तिची पोचपावती परत आली, ती छाननीत माझ्याच हाताखालून गेली. तिच्या घरचा पत्ता निळ्या शाईत, जसाच्या तसा. कार्डालाही मेण मीच लावलं होतं. ती परत कधी पोस्टात आली नाही. तिचं बॉलपेनही आजोबा घेऊन गेले, ते वेगळंच.

तर मुद्दा असा, की शाईवाला माणूस पेन उसनं देत नाही, आणि पेन हातातून हातात जात नाही तोवर ते कुणाच्या नजरेत येत नाही. आमच्याकडे बघून लोकांना "याच्याकडे बॉलपेन असतं" एवढंच कळतं.

आता आम्ही का देत नाही, यावर आमचे दाजी गेली वीस वर्षं माझी चेष्टा करतात. लग्नकार्यात, बारशात, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा. "याचं पेन म्हणजे सोवळ्यातलं, शिवू नका." झालं असं होतं की 2006 साली मी त्यांच्या सिमेंटच्या दुकानात बसलो होतो. माल उतरवला जात होता. ड्रायव्हरने चलन पुढे केलं, दाजींनी न विचारता माझ्या खिशातलं पेन उपसलं आणि सही ठोकली. तीन प्रतींचं चलन, मध्ये दोन कार्बन. कार्बनवर उमटवायची म्हणून सगळा जोर लावून. निबचे दोन पाय फाकले ते फाकलेच. निबच्या मधल्या चिरेतून शाई केशाकर्षणाने टोकाकडे येते. चीर गरजेपेक्षा जास्त उघडली की शाई टोकापर्यंत पोचतच नाही, मध्येच तुटते. नंतर मी ती निब नखाने दाबून पाहिली, चिमट्याने पाहिली. लिहायची, पण दर तिसऱ्या अक्षराला दम लागायचा.

दाजींचं म्हणणं, "एका सहीनं काय होतंय? निबला हाताची सवय लागते म्हणतोस, ती अंधश्रद्धा आहे." दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर एकदा नीट ऐका. सवय वेगळी आणि जोर वेगळा. बॉलपेनला दाब लागतो, कारण गोळी फिरवायची असते. शाईच्या पेनाला दाब लागतच नाही, कागदाला टेकलं की पुरतं. ज्याला आयुष्यभर दाबायची सवय, त्याच्या हातात हे पेन म्हणजे सायकलवर सिमेंटचं पोतं. आणि तीन प्रतींचं चलन असेल तर माझ्याही हातात देऊ नका. कार्बनचं काम बॉलपेनचंच. कचेऱ्यांमधून शाई गेली त्यात या कार्बनचा हात मोठा आहे, फॅशनचा नाही.

बाकी तुमच्या प्रश्नाचं, म्हणजे माणसं कुठे शोधायची, तेही थोडं सांगतो. खिशात बघू नका, मधल्या बोटाचं पेर बघा. आणि तुमच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन शाईची दौत मागा. आमच्या गावचा दुकानदार म्हणतो, "शाई कोण घेतं आता?" पण फळीवर दौत असते, आणि दोन-चार महिन्यांनी वेगळी असते. कुणीतरी नेतंच ना? हिशेब साधा आहे. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पेनात शाई ओढून भरायच्या नळीत, एका वेळी मिलीलीटरभरसुद्धा शाई मावत नाही. 60 मिलीची दौत साधं लिहिणाऱ्याला वर्षभर सहज जाते. बॉलपेनवाला वर्षाला डझनभर पेनं विकत घेतो, आपण एक बाटली. दुकानदाराला आपण दिसणार कसे? दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅम्लिन उभं राहिलं. तेव्हा घरोघरी शाई लागत होती. आज तीच कंपनी लोकांना रंगपेटीसाठी ठाऊक आहे.

पुण्या-मुंबईत शाईच्या पेनवाल्यांचे मेळावे भरतात. जायचं तर जा. मी एकदा गेलो होतो. तिथे शंभर पेनं होती आणि लिहीत कुणीच नव्हतं, सगळे वळवळीत रेघा काढून निबा तपासत होते. आठ-दहा हजारांचं जर्मन पेन घेऊन त्याने नुसत्या रेघा ओढणं मला पटत नाही. रोजचा जमाखर्च लिहा की त्याने. पण हे माझं मत झालं. तिथली माणसं प्रेमळ होती आणि एकाने मला चांगली निळी-काळी शाई फुकट दिली, तेव्हा फार बोलत नाही.

आणखी एक. हल्ली पेनच कमी झालंय. फॉर्म छापून येतात, पत्ते छापून येतात, स्पर्धा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला काळं बॉलपेन सक्तीचं. चार ओळी हाताने लिहिणारा माणूस दिसणंच दुर्मीळ, मग त्यात शाईवाला कुठून दिसणार? तेव्हा दोन वर्षांत एकही दिसला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मला वीस वर्षांत सात दिसले ते मी काउंटरवर होतो म्हणून.

दाजींच्या बाबतीत एक कबूल करायला हवं, नाहीतर ताई फोन करेल. निबच्या टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी असतो. तो वर्षानुवर्षं घासला तरच थोडासा झिजतो, दुसऱ्याच्या एका सहीने त्याला काही होत नाही. म्हणजे "दुसऱ्याच्या हातात गेलं की पेन बिघडतं" हे जे मी त्या दिवशी दुकानात चारचौघांत ओरडलो, ते तसं चूकच. बिघडलं ते जोराने. ती निब अजून काडेपेटीत ठेवलेली आहे.

आणि चलनाच्या तिसऱ्या प्रतीवरसुद्धा सही स्वच्छ उमटली होती, हेही खरं.