‘तसा संबंध नाही’

वाचकांचे प्रश्न, अक्कांची उत्तरं

प्रश्न : अक्का, ख्रिस्तात सप्रेम सलाम. मी बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत कामाला आहे. वय ३६. दर आठवड्याला पाळी बदलते. दोन वर्षं झाली, देव लांब गेल्यासारखा वाटतो. रविवारी उपासना चुकवत नाही, बुधवारी प्रार्थना सभेला जातो, पगाराचा दशांश चर्चला देतो. सभेत लोक साक्ष देतात, ‘प्रभू माझ्याशी बोलला’ म्हणतात. माझ्याशी कोण बोलत नाही. पहाटे चारला उठून प्रार्थना करा असं सांगण्यात आलं, पण रात्रपाळी करून गुडघे टेकले की तिथंच डोळा लागतो. आता २१ दिवसांचा उपास धरावा म्हणतोय. रोजची प्रार्थना सोबत लिहून पाठवली आहे, काय चुकतंय बघा.

ता. क. याचा तसा संबंध नाही, पण लिहितो. गावाकडं, खानापूर तालुक्यात, बांधावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद आहे. दोन वर्षं झाली. त्यानं आमचं चार हात रान आत घेतलंय. आईच्या स्मरणाच्या प्रार्थनेलाही मी गेलो नाही.

उत्तर : सलाम. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा खालून वर.

मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. ‘बाई, त्याचा काही संबंध नाही’ असं पोरगं आपणहून म्हणालं, की मी आधी तिकडंच बघायची. देव लांब गेला त्याला दोन वर्षं, भाऊ लांब गेला त्यालाही दोन वर्षं. हिशेब तुम्हीच मांडलाय, फक्त बेरीज केलेली नाही.

लगेच घाबरू नका. भावाशी भांडलात म्हणून देवानं पाठ फिरवली, असं मी म्हणत नाही. असं म्हणणारे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत आणि त्यांनी बरीच चांगली पोरं चर्चबाहेर घालवलीत. मला वेगळंच दिसतंय. तुमची लिहून पाठवलेली प्रार्थना ‘हे सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सनातन पित्या’ इथून सुरू होते आणि पानभर तशीच चालते. जगातली शांती आहे, मंडळीची उन्नती आहे, पुढारी आहेत, आजारी आहेत. भाऊ नाही. बांध नाही. आई नाही. ताजा कलम मात्र तीन-चार ओळींचा, आणि त्यात तुमचा आवाज ऐकू येतो. प्रार्थना तहसीलदाराला दिलेल्या अर्जासारखी झालीय. आपण मराठीत देवाला ‘तू’ म्हणतो, आईला म्हणतो तसं. साहेबाला कुणी ‘तू’ म्हणत नाही. ‘तू’ म्हणायचं आणि पुढं अर्ज वाचायचा, हे जमत नाही हो.

मी स्वतः हे केलंय, म्हणून ओळखते. आमचे हे गेले तेव्हा कळलं की एका मित्राला ते जामीन राहिले होते, मला न सांगता. कर्ज माझ्या पगारातून फिटायला लागलं. मी रोज संध्याकाळी प्रार्थना करायची, ‘हे दयाघना’ वगैरे, अगदी व्यासपीठावरून केल्यासारखी. मेलेल्या माणसाचा राग येतो हे देवापुढं बोलायचं कसं? सात-आठ महिने असे कोरडे गेले. मग एका जुलैत, रात्री तांदूळ निवडताना, तोंडातून निघालं, “देवा, मला त्यांचा राग आलाय. गेलेत तरी आलाय.” कसला आवाज आला नाही, उजेड पडला नाही. गळत्या कौलाखाली ठेवलेलं पातेलं भरलं होतं, ते ओतून आले आणि झोपले. पण त्या रात्रीपासून मी एकटी बोलतेय असं वाटणं बंद झालं. राग पुढं बरीच वर्षं होता, तोही सांगून टाकते.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, १५० स्तोत्रं आहेत. त्यातलं १३ वं काढा. ‘किती वेळ मला विसरणार?’ असं देवालाच विचारलंय. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटाला दिलाशाची ओळ नाही. तरी ते गाळलं नाही कुणी. आणि कवी नारायण वामन टिळकांकडं बघा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण देवाशी बोलायला परकी भाषा शोधली नाही, अभंगच लिहिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत. तुम्ही घरात बोलता त्या मराठीत, मधे कन्नड आलं तर आलं, बोला.

पहाटे चारचं म्हणाल तर सोडा ते. प्रभू पहाटे उठून एकांतात गेला हे मार्कच्या शुभवर्तमानात आहे, खरं आहे. पण त्या रात्री तो भट्टीसमोर नव्हता. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली ‘पुरे झालं, मरण दे’ म्हणून पडला, तेव्हा देवदूतानं उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, उठवून परत खाऊ घातलं. देवाचा मंद आवाज नंतर, डोंगरावर. तुम्ही आधी झोपा. उपासाचंही तेच. भट्टीपाशी उभं राहणाऱ्यानं उपाशी, त्यात पाणी तोडून, काम करायचं नाही. चक्कर येऊन काय अंगावर घ्याल हे मी तुम्हाला सांगायला नको. (भट्टीत सोनं शुद्ध होतं, ही उपमा मी देणार नाही. तुम्हाला ती प्रत्येक पाहुण्या वक्त्यानं दिली असेल.)

दुसऱ्यांच्या साक्षींवर आपलं माप काढू नका. तुम्ही भाताच्या मुलखातले. मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि ते कसं वाढतं त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस. रोज रोप उपटून मुळं किती गेलीत ते बघणाऱ्याच्या शिवारात काय उरेल?

आता भाऊ. चार हात रान सोडून द्या असं मी सांगणार नाही. रीतसर मोजणी करून घ्या, त्यात अख्रिस्ती काही नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, २३ वं आणि २४ वं वचन सावकाश वाचा. वेदीजवळ दान ठेव आणि आधी भावाकडं जा, असं तिथं आहे, ते आपल्याला पाठ असतं. कधी जा? तुझ्या मनात त्याच्याविषयी काही आहे तेव्हा नव्हे, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तेव्हा. बांधाचं तुमच्या मनात आहे. त्याच्या मनात काय असेल? मला वाटतं, तुमच्याच पत्राची शेवटची ओळ. आईच्या प्रार्थनेला पाहुणे आले, पाळक आले, आणि धाकटा कुठाय असं जो तो त्यालाच विचारत असणार.

हे आधी देवाला सांगा, पाळीवरून घरी जाताना गाडीवर सांगितलंत तरी चालेल. मग रोप लावणीच्या दिवसांत गावाकडं जा. मोजणीचा कागद दुसऱ्या खेपेला न्या. पहिल्या खेपेला मोकळ्या हातानं जा, आणि जेवायच्या वेळेला पोचा.