पेन अँड इंकसाठी पेन कोणतं घ्यावं? आधी शाईचं बोलू

तुम्ही विचारलंय, पंधराशे रुपयांत पेन अँड इंक, म्हणजे पेन आणि शाईने चित्रं काढणं, सुरू करायचंय, पेन कोणतं घेऊ, आणि शाई काय, कुठलीही काळी चालेल ना? पेनाचं पुढे सांगतो. पण ते "कुठलीही काळी चालेल ना" वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसलो. नाही चालत. आमच्या ड्रॉइंग क्लासच्या सरांनी मला चालेल म्हणून सांगितलं होतं आणि त्यापायी माझ्या आजोळच्या घराचं एकमेव चित्र गेलं.

आजोळ वाईचं. दगडी जोतं, मधे चौक, चौकाच्या एका अंगाला आड. २००६च्या दिवाळीत मामाने सांगितलं की उन्हाळ्यात घर पाडायचंय. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. निघायच्या आधी सरांना मुद्दाम विचारलं होतं, शाई कोणती नेऊ? ते म्हणाले, "हात असेल तर काडी बुडवून काढलं तरी चित्र होतं. सामानाच्या नादाला लागू नकोस." मग शाळेपासूनचं फाउंटन पेन, लिहायची साधी काळी शाई आणि चित्रकलेच्या वहीचा कागद घेऊन चार दिवस ओसरीवर बसलो. आजी येता-जाता डोकावायची. खांबावरची कंदिलाची खुंटी राहिली म्हणाली, ती काढली. आडाच्या तोंडातला अंधार काढायला तर आख्खी दुपार गेली. उभ्या रेघा, त्या सुकल्या की तिरप्या, त्यावर उलट्या तिरप्या, असे पाच-सहा थर.

मामाने ते फ्रेम करून नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावलं, गॅलरीच्या बरोब्बर समोर. संध्याकाळचं ऊन रोज त्यावर यायचं. सात वर्षांनी एकदा जवळ जाऊन नीट पाहिलं तर चित्रात काळं काही उरलंच नव्हतं. जाड रेघा विटक्या तपकिरी झालेल्या, बारीक रेघा उडालेल्या. आडात अंधार नव्हता, चहा सांडल्यासारखा डाग होता. खुंटी शोधून सापडेना. कडेने कागद पिवळा पडलेला, कारण फ्रेमवाल्याने मागे साधा पुठ्ठा लावला होता. मामा म्हणाला, "त्यात काय, परत काढ." कशावरून काढू? घर नाही, आजीही तोवर गेली होती.

लिहायच्या बहुतेक शायांमध्ये रंग पाण्यात विरघळलेला असतो. उन्हाने तो मोडतो, उडून जातो. चित्राच्या चांगल्या काळ्या शाईत काजळीचे, म्हणजे कार्बनचे कण असतात. त्यांना ऊन काही करू शकत नाही. जुन्या पोथ्या बघा, काजळी आणि डिंकाच्या शाईने लिहिलेल्या. दोन-दोनशे वर्षांत कागद तांबूस होतो, अक्षर काळंच राहतं.

सरांच्या त्या काडीचं उत्तर मला फार उशिरा सापडलं. चित्रकार व्हॅन गॉगने १८८८मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला बोरू तासून चित्रं काढली. म्हणजे काडीच की! आणि त्याच्या हाताबद्दल कोण बोलणार? तरी त्यातली कितीतरी चित्रं, जी काढली तेव्हा काळी होती, आज तपकिरी दिसतात. शाई टिकणारी नव्हती. हात तिथे काय करणार?

म्हणून आधी शाई. बाटलीवर पिगमेंट (म्हणजे रंगाचे न विरघळणारे कण) किंवा कार्बन असं लिहिलेलं हवं. नुसतं वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणजे उन्हातही टिकेल असं नाही. मी नवी बाटली आणली की एका पट्टीवर जाड-बारीक रेघा मारतो, अर्ध्या पट्टीवर काळा कागद घट्ट चिकटवतो आणि ती खिडकीच्या काचेला तीन महिने लावून ठेवतो. काळा कागद काढल्यावर दोन्ही अर्ध्या सारख्या दिसल्या तरच ती शाई वापरतो.

मग कागद. तुमच्या पंधराशेतले निम्म्याहून जास्त कागदावर घाला. गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस, आणि ॲसिड-फ्री, म्हणजे कागद पिवळा पाडणारं आम्ल नसलेला. वॉटरकलरच्या खरखरीत कागदावर निबमध्ये तंतू अडकतात आणि रेघेला मिशा फुटतात. पावसाळ्यात कागद कपाटातही दमट होतो आणि चांगल्या कागदावरही शाई फुटते. जुलै-ऑगस्टमध्ये मी कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतो.

पेन शेवटी. टाक, म्हणजे शाईत बुडवून वापरायचं पेन, आणि त्यात बसणारी 'जी' (G) नावाची निब घ्या, स्वस्त आहे, आणि दाबावर जाड-बारीक होणारी रेघ देते. नव्या निबला तेलाचा हात असतो, तो टूथपेस्टने घासून काढा, नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. बाहेर बसून काढायचं असेल तर पिग्मा मायक्रॉन हे शाई भरलेलं बारीक टोकाचं पेन बरं, त्यातली शाई पिगमेंटचीच आहे. ०१ आणि ०५ या नंबरांचं घेतलं तरी पुरे, रेघ अनुक्रमे ०.२५ आणि ०.४५ मिलिमीटरची पडते. सेट घेऊ नका. आणि इंडिया इंक, म्हणजे लाख घातलेली चित्राची काळी शाई, फाउंटन पेनमध्ये कधीच भरू नका, आत सुकली की पेन गेलं.

एक राहिलं. चित्र स्कॅन करून छापायलाच द्यायचं असेल, मूळ कागद ठेवायचा नसेल, तर यातलं बरंचसं सोडून द्या. सरावालाही काही बंधन नाही, बॉलपेन वापरा. सरांचं म्हणणं सरावापुरतं खरं होतं हे मी मान्य करतो. पण मी त्यांना सरावासाठी विचारलं नव्हतं, पाडायच्या घराचं चित्र काढायचंय हे सांगूनच विचारलं होतं.

फ्रेम कराल तेव्हा मागे पुठ्ठ्याऐवजी ॲसिड-फ्री बोर्ड लावायला सांगा. फ्रेमवाला जास्तीचे पैसे मागेल, द्या. आणि गॅलरीसमोरची भिंत सोडून कुठेही लावा.