फिरत्या घरातला कन्व्हर्टर

प्रश्न : आमच्या कॅराव्हॅनला बाहेरची वीज जोडलेली असतानाही रात्री दिवे मंदावतात. कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेचे १२ व्होल्टमध्ये रूपांतर करून दिवे चालवणारे व बॅटरी भरणारे उपकरण) बिघडला असेल का?

उत्तर : लगेच तसा निष्कर्ष काढू नये. मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. पूर्ण भरलेल्या, विसावलेल्या (काही वेळ न भरलेल्या, न वापरलेल्या) १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर ते साधारण १२.६ असते आणि बाहेरची वीज जोडल्यावर १३ च्या वर चढायला हवे. काटा हललाच नाही, तर कन्व्हर्टरवरचे फ्यूज आधी पाहावेत, कारण बॅटरीच्या तारा चुकून उलट लावल्या गेल्या की बहुधा तेच उडतात. प्रवासातल्या हादऱ्यांनी तारा धरणारे स्क्रूही सैल होतात. अशा सैल जोडाजवळ तारेचे आवरण तापून तपकिरी पडलेले दिसते. बाहेरची वीज आणि बॅटरी दोन्ही तोडल्यावरच ते स्क्रू व कन्व्हर्टरचे बोल्ट आवळावेत. कन्व्हर्टर गार ठेवणाऱ्या पंख्याच्या जाळीपुढे चादरी कोंबण्याची सवय मात्र सोडावी.