पंढरपूरला आलोच आहोत, तर मंगळवेढ्याला मुद्दाम जावं असं तिथे काय आहे?

तुमचा प्रश्न असा आहे की जानेवारीत पंढरपूरचं दर्शन झाल्यावर एक दिवस मोकळा मिळतोय. मंगळवेढा पंचवीसेक किलोमीटरवर आहे. तिथे जावं, की सरळ सोलापूर गाठावं?

जा. जानेवारीतच जाताय हे तर फारच चांगलं. माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं, त्यामुळे या प्रश्नावर माझं मन मोकळं आहे असं मी म्हणणार नाही. पण मे महिन्यात येतो म्हणाला असतात, तर मीच तुम्हाला थांबवलं असतं. मंगळवेढ्याचं खरं दर्शन पीक उभं असताना घडतं. आमच्याकडे पीक म्हणजे ज्वारी, तीही रब्बीची, मालदांडी जातीची.

बाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगावी लागते. या ज्वारीला पाणी द्यावं लागत नाही. सोलापूर जिल्हा अवर्षणाचा, त्यात मंगळवेढ्याचा पाऊस आणखी बेभरवशाचा. जो काय पडतो तो मुख्यतः सप्टेंबरात, परतीचा. पावसाळाभर शेतकरी हे रान पडीक ठेवतो, त्यात कुळवाच्या पाळ्या घालत राहतो, तण वाढू देत नाही आणि पडेल तो थेंब जमिनीत मुरवतो. आमची काळी इतकी खोल आहे की ते पाणी ती महिनोन्‌महिने धरून ठेवते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिफणीने पेरणी होते. त्यानंतर पीक आपलं आपण, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीच्या जोरावर उभं राहतं. जमीन वाळायला लागली की तिला भेगा पडतात आणि भेगांतून ओल उडते, म्हणून कोळपणी करून वरची माती भुसभुशीत ठेवायची. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं आमच्याकडचा कुठलाही शेतकरी तुम्हाला सांगेल.

म्हणून जानेवारीतल्या सकाळी गावाबाहेर पडा आणि बांधावर नुसते उभे राहा. डोक्याच्या वर गेलेली ताटं, वर टपोरी पांढरी कणसं, मधूनमधून काटेरी करडईचे पाटे आणि नजर पोचेल तिथपर्यंत सपाट रान. कुठे पाट नाही, पंप नाही, ठिबकची नळी नाही. उसाचा पट्टा पाहिलेल्या माणसाला हे पीक कशावर उभं आहे तेच कळत नाही. वाकून हाताने माती उकरली, तर वरच्या कोरड्या थराखाली बोटांना गार ओल लागते. ती ओल हाताला लागली की वर सांगितलेलं सगळं एकदम पटतं.

मोहोळ आमच्या शेजारचाच तालुका. तिथल्या संशोधन केंद्रात याच मालदांडीतून निवडलेलं एम 35-1 हे वाण पुढे रब्बी ज्वारीच्या बहुतेक पट्ट्यात पसरलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला त्याचा अभिमान आहेच, पण कागद मिळाल्याने या ज्वारीचं मोल आम्हाला कळलं असं नाही. मालदांडीची भाकरी पांढरी, गोडसर आणि थंड झाली तरी मऊ राहते, हे कोणत्याही सुनेला पहिल्याच वर्षी कळतं.

आता हुरडा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत कणसं दुधाळ असतात. शेतात एक उथळ खड्डा करतात, त्याला आगटी म्हणायचं. त्यात शेणाच्या गोवऱ्या पेटवून विस्तव झाला की कणसं राखेत खुपसायची. उतावीळपणा करायचा नाही, ज्वाळेवर भाजलं तर दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. कणीस बाहेर काढलं की गरम असतानाच तळहातावर चोळायचं. हे काम आमच्याकडे ज्याचा हात निबर त्याच्याकडे असतं. नवख्याने फडक्यात गुंडाळून चोळावं. हिरवे, वाफाळते दाणे सुटतात, फुंकर मारून कोंडा उडवला की थेट तोंडात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, हरभऱ्याचे डहाळे. पोटभर खाल्लं तरी वरून ताक घ्या, पचायला सोपं जातं. हुरड्यासाठी गुळभेंडी किंवा सुरती ज्वारी मुद्दाम बांधाच्या कडेला लावतात, कारण तिचा दाणा कोंड्यातून सहज सुटतो. मालदांडीचा हुरडाही होतो, पण गुळभेंडीची गोडी वेगळीच.

हुरडा पार्टीच्या पाट्या आता हमरस्त्यावर दिसतात. तिथे खायला माझी हरकत नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण कोणाची ओळख निघाली तर शेतातच जा. ओळख नसेल तर वस्तीवर जाऊन सरळ विचारा. विचारल्याशिवाय मात्र कुणाच्या रानात शिरू नका आणि कणीस मोडू नका. पाखरांपासून राखलेलं पीक असतं ते.

गाव संतांचं म्हणून तुम्हाला माहीत असेलच. दामाजीपंतांचं मंदिर गावातच आहे. बहामनी राजवटीत ते इथले अधिकारी होते. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात लोक अन्नावाचून तडफडू लागले तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली. बिदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम काढला, आणि कथा सांगते की विठ्ठलच विठू महार होऊन बिदरला गेला, धान्याची रक्कम भरली आणि पावती घेऊन आला. मला या कथेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते कोठार. जिथे ज्वारीच पिकते आणि पाऊस दगा देतो, त्या गावाने आपला सर्वांत मोठा माणूस म्हणून लढवय्या किंवा राजा निवडला नाही. उपाशी माणसाला धान्य वाटून स्वतःची मान धोक्यात घालणारा कारभारी निवडला. आमच्याकडे कॉलेजलाही दामाजींचं नाव आहे आणि साखर कारखान्यालाही.

जुन्या लोकांकडून पेवांची गोष्ट ऐकायला मिळाली तर ऐका. गावठाणातल्या पांढरीत खोल खड्डे खणून, आत कडबा लावून त्यात ज्वारी साठवत. चांगलं पेव असलं तर धान्य वर्षानुवर्षं टिके. ते उघडलं तरी लगेच कोणी आत उतरत नसे, आतली कोंडलेली हवा जीव घेते. आधी कंदील सोडून पाहायचे, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. दुष्काळात कोठार उघडणं म्हणजे काय, हे पेवाबद्दल ऐकल्यावर जास्त नीट समजतं.

चोखोबांच्या स्थानी मात्र दहा मिनिटांत पाया पडून निघू नका. चोखामेळा इथे राहत होते. 1338 मध्ये गावकुसाचं बांधकाम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला नेल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, असं परंपरा सांगते. पंढरपूरला महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ तुम्ही त्यांची समाधी पाहिली असेल. ज्यांना देवळाच्या आत जाऊ दिलं नाही ते गावाची भिंत बांधताना मेले, ही गोष्ट मंगळवेढ्यात उभं राहून आठवली की जड जाते. जायलाच हवी. कान्होपात्राही इथलीच. गणिकेच्या घरात जन्मलेली ही मुलगी बिदरच्या बादशहाचं बोलावणं नाकारून विठ्ठलाच्या पायाशी गेली. आणि त्याच्याही आधी, 12व्या शतकात, कलचुरींच्या काळात बसवेश्वर मंगळवेढ्यात कारभारात होते. म्हणून कर्नाटकातूनही माणसं इथे श्रद्धेने येतात. सीमेलगतच्या गावांत एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात, तेही तुमच्या कानावर येईल.

गाडी असेल आणि पुढे सोलापूरला जाणार असाल तर वाटेत माचणूरला उतरा. भीमेच्या काठावर सिद्धेश्वराचं मंदिर आहे, खाली नदीपर्यंत उतरणारा घाट आहे. लगत ब्रह्मपुरी. औरंगजेबाने 1695 पासून 1699 पर्यंत इथे छावणी ठेवून मराठ्यांविरुद्धची मोहीम चालवली, आणि इथूनच तो साताऱ्याकडे निघाला. माचणूरची गढी त्याच काळाची. दिवाळीत कधी आलात तर दक्षिणेला हुलजंतीला महालिंगरायाची यात्रा भरते. ठिकठिकाणच्या पालख्यांची भेट होते आणि भंडाऱ्याने सगळं पिवळं होतं. जानेवारीत ते दिसणार नाही, पण धनगर समाजाचं एवढं मोठं श्रद्धास्थान या तालुक्यात आहे हे माहीत असावं.

म्हैस आवडत असेल तर आणखी एक. पंढरपुरी म्हशी या भागात घरोघरी आहेत. तलवारीसारखी लांब शिंगं मागे पाठीपर्यंत गेलेली, अंगाने शिडशिडीत. या कोरड्या मुलखात कडब्यावर तग धरून दूध देणारी ही जात. आमच्याकडे ज्वारी पेरताना दाण्याचा हिशोब जितका होतो तितकाच कडब्याचाही होतो. दाण्याला भाव नसला तरी कडबा जनावरं जगवतो.

सगळं गोड नाही, तेही सांगते. कालव्याचं पाणी पोचलं त्या भागात ऊस आला. ज्वारी मागे सरते आहे, आणि त्याचं मोठं कारण काढणी. ही ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारीच्या उन्हात, ओणवं होऊन, एकेक ताट. हाताची सालं निघतात. मग पेंढ्या बांधायच्या, त्या रचून बुचाड लावायचं, कणसं मोडायची. या कामाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. दक्षिणेकडच्या गावांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. म्हणून कोणी शेतकरी तुमच्याशी बोलायला थांबला तर ‘किती शांत आयुष्य आहे तुमचं’ असं कृपा करून म्हणू नका. काढणीला काय मजुरी द्यावी लागते ते विचारा, तो मनापासून बोलेल.

राहायला मंगळवेढ्यात साधे लॉज आहेत. कुटुंब बरोबर असेल तर मुक्काम पंढरपुरात किंवा सोलापुरात ठेवा आणि सकाळी लवकर निघा. पंढरपूरहून एसटी भरपूर आहेत. आधी रान, मग हुरडा, उन्हं चढली की गावातली देवळं, आणि संध्याकाळी माचणूरचा घाट, हा क्रम मला सगळ्यात बरा वाटतो. दुपारचं जेवण हुरड्यानंतर जाणार नाही, तरी एखादी भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाऊन बघाच.

ज्वारी घरी न्यायची असेल तर जानेवारीत मिळेल ती गेल्या वर्षीची असेल. ती वाईट नसते, पण कीड आहे का ते मूठभर हातात घेऊन पाहा. नवी हवी असेल तर तुम्ही ज्याच्या रानात हुरडा खाल त्याचाच फोन नंबर घेऊन ठेवा आणि मार्चमध्ये थेट त्याच्याकडून मागवा. व्यापाऱ्याकडे ‘मंगळवेढा’ लिहिलेल्या पोत्यात कुठलीही ज्वारी असू शकते. शेतकऱ्याकडून घेतलीत तर पैसेही त्याच्याच हातात जातात.